रिव्हर्ब वाद्याच्या मागेच फिरतो, वेगळा पॅन होत नाही: नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

गिटार डावीकडे आहे आणि तिचा रिव्हर्ब (आवाजामागे रेंगाळणारा घुमारा) उजवीकडे हवा आहे. मागणी एवढीच. पण पॅनचा, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे सरकवणारा, नॉब फिरवायला जावं तर गिटारही सोबत निघते. कधी रिव्हर्ब मध्यभागी ठाण मांडून बसतो, काही केल्या हलत नाही. कधी तो उजवीकडे जातो, पण निम्मा विरून गेल्यासारखा पोकळ वाटतो. आणि कधी तर पूर्णच गायब होतो. घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांना ही अडचण पुन्हा पुन्हा भेटते, कारण एका प्रोजेक्टमध्ये लागू पडलेला उपाय पुढच्या प्रोजेक्टमध्ये चालत नाही. वर सांगितलेली लक्षणं एकाच दुखण्याची वाटतात, पण ती वेगवेगळ्या जागी उगम पावतात.

या गोंधळाचं मूळ असं की सिग्नलच्या वाटेवर पॅन एकाच ठिकाणी नसतो. वाद्याच्या ट्रॅकवर एक, सेंडवर, म्हणजे ट्रॅकच्या आवाजाची प्रत दुसरीकडे पाठवणाऱ्या नॉबवर, एक (काही सॉफ्टवेअरमध्ये), रिव्हर्बच्या प्लगइनच्या आत स्टिरिओ किंवा विड्थ नावाने एक, आणि रिटर्न ट्रॅकवर, म्हणजे ती प्रत जिथे पोहोचते आणि रिव्हर्ब जिथे बसतो त्या ट्रॅकवर, शेवटचा. प्रत्येकाचं काम वेगळं आहे. कुठला नॉब कशाच्या आधी आहे आणि कशाच्या नंतर, हे कळलं की अंदाजाने फिरवाफिरवी करावी लागत नाही.

आधी चाचणी

नव्या मोनो ट्रॅकवर एकच कोरडा (रिव्हर्ब नसलेला), टोकदार आवाज घ्या: टाळी, मेट्रोनोमची टिक, किंवा तळहाताने तारा दाबून मारलेला एक स्ट्रोक. त्याच्यापुढे चार-पाच सेकंद शांतता ठेवा आणि तेवढाच भाग लूपवर टाका. ट्रॅकचा पॅन पूर्ण डावीकडे न्या, सेंड चालू ठेवा. आता या ट्रॅकचं मुख्य आउटपुट तोडा, म्हणजे मास्टरपर्यंत (सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या शेवटच्या ट्रॅकपर्यंत) फक्त रिटर्न पोहोचेल. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये राउटिंगच्या (आवाजाची वाट ठरवायच्या) खिडकीतली ‘मास्टर सेंड’ची खूण काढा. एबलटन लाइव्हमध्ये ‘ऑडिओ टू’ला ‘सेंड्स ओन्ली’ निवडा. लॉजिकमध्ये ‘नो आउटपुट’, क्यूबेसमध्ये ‘नो बस’. ट्रॅक म्यूट करून हे साधणार नाही, कारण पोस्ट-फेडर सेंड, म्हणजे फेडरनंतर (ट्रॅकचा आवाज कमीजास्त करणाऱ्या पट्टीनंतर) निघणारा सेंड, म्यूटबरोबरच बंद पडतो.

आता कानांच्या आधी मास्टरच्या मीटरकडे बघा. हेडफोन लावून बराच वेळ काम केलं की कान एका बाजूला सरावतात आणि थोडा कललेला आवाजही मधला वाटायला लागतो. मीटर सरावत नाही. टाळी वाजताक्षणी, रिव्हर्ब उमलायच्या आधीच, एखादा तीक्ष्ण ठोका मीटरवर उडी मारतो का? तर रिटर्नमधून कोरडा आवाज गळतोय. दोन्ही पट्ट्या शेवटपर्यंत सारख्याच उंचीने खाली येतात का? तर प्लगइन तुमच्या सेंडच्या पॅनकडे लक्षच देत नाही. मीटर मुळीच हलत नाही का? तर सिग्नल रिव्हर्बपर्यंत पोहोचायच्या आधीच मेला आहे. या तिन्हींचे उपाय पुढे येतीलच.

रिव्हर्ब ट्रॅकवरच बसवला असेल तर

सगळ्यात जास्त आढळणारं कारण हेच आहे, आणि सगळ्यात सोपंही. रिव्हर्बचं प्लगइन गिटारच्या ट्रॅकवर इन्सर्ट म्हणून (थेट ट्रॅकच्या वाटेतच) टाकलं की त्यातून कोरडा आवाज आणि रिव्हर्ब एकत्र मिसळून बाहेर पडतात. ट्रॅकचा पॅन इन्सर्टच्या नंतर येतो, त्यामुळे तो हे मिश्रण एकगठ्ठा सरकवतो. मिसळून झालेलं वेगळं करता येत नाही. रिव्हर्ब स्वतंत्र ट्रॅकवर किंवा बसवर (अनेक ट्रॅकचे आवाज एकत्र नेणाऱ्या वाटेवर) टाकायचा आणि गिटारवरून तिथे सेंड द्यायचा, याला पर्याय नाही (सॉफ्टवेअरमध्ये सेंडच नसेल तर काय, ते शेवटी).

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. अँप सिम्युलेटरच्या (गिटारच्या अँप्लिफायरची नक्कल करणाऱ्या प्लगइनच्या) बहुतेक तयार प्रीसेटमध्ये रिव्हर्ब आधीच चालू असतो. व्हर्च्युअल पियानो आणि स्ट्रिंगच्या आवाजांतही तेच. तुम्ही बाहेर सेंड-रिटर्नची चोख मांडणी करता, तरी डावीकडे गिटारसोबत एक रिव्हर्ब ऐकू येतच राहतो, आणि वाटतं की राउटिंग चुकलं. राउटिंग बरोबर असतं, आतला रिव्हर्ब बंद करायचा राहिलेला असतो.

रिटर्नमधून कोरडा आवाज गळत असेल तर

रिटर्नवरच्या प्लगइनचा मिक्स १०० टक्के वेट (फक्त रिव्हर्ब, कोरडा आवाज नाही) हवा. वेट आणि ड्राय असे दोन वेगळे स्लायडर असतील तर ड्राय पूर्ण खाली. बरीच प्लगइन उघडतानाच ३०–४० टक्के मिक्सवर उघडतात, कारण ती इन्सर्ट म्हणून वापरली जातील असं बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं.

हे नुसतं नीटनेटकेपणासाठी सांगत नाही. गिटार पूर्ण डावीकडे आणि रिटर्न पूर्ण उजवीकडे असताना रिटर्नमधून गिटारचीच कोरडी प्रत उजव्या स्पीकरवर आली, तर दोन्ही बाजूंनी एकच आवाज येतो आणि कान तो मध्यभागी ऐकतात. गिटारच्या पॅनला हातही न लावता गिटार मधे सरकते. ‘रिव्हर्ब उजवीकडे नेला की गिटारही ओढली जाते’ ही तक्रार जिथे सेंड वापरूनही असते, तिथे बहुधा हेच घडलेलं असतं.

रिव्हर्ब पूर्ण गायब होतो तेव्हा

हे लक्षण सगळ्यात कोड्यात टाकणारं आहे, म्हणून थोडं सावकाश पाहू.

बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नेहमीचा सेंड हा ट्रॅकच्या फेडरनंतर आणि पॅननंतरही निघतो. रीपरच्या सेंडवर तर ‘पोस्ट-फेडर (पोस्ट-पॅन)’ असं लिहिलेलंच असतं. लॉजिकमध्ये ‘पोस्ट पॅन’ हा वेगळा प्रकारच आहे. आता गिटार पूर्ण डावीकडे आहे, म्हणजे सेंडमध्ये शिरणाऱ्या स्टिरिओ सिग्नलच्या डाव्या चॅनेलमध्ये गिटार आहे आणि उजव्यात काहीच नाही. तुम्ही सेंडचा पॅन पूर्ण उजवीकडे नेता. तो पॅन जर बॅलन्स पद्धतीचा असेल, तर डावीकडचा आवाज उजवीकडे आणणं हे त्याचं कामच नाही. तो फक्त डावं चॅनेल बंद करतो. डाव्यात गिटार होती, ती बंद झाली. उजव्यात काही नव्हतंच. रिव्हर्बला शून्य मिळतं आणि तो शून्यच परत देतो.

खात्री करायची असेल तर गिटारचा पॅन हळूहळू मध्याकडे आणा. रिव्हर्ब त्याच गतीने परत उगवू लागला, तर निदान पक्कं.

उपाय असा की सेंड पॅनच्या आधी काढायचा. प्री-फेडर केलात तर बहुतेक ठिकाणी तो पॅनच्याही आधी जातो. एबलटन लाइव्हमध्ये प्रत्येक रिटर्नचा प्री/पोस्ट असा स्विच मास्टर (नव्या आवृत्तीत ‘मेन’) ट्रॅकवर असतो, आणि ‘प्री’ म्हणजे व्हॉल्यूम, पॅन, ट्रॅक चालू-बंद या सगळ्यांच्या आधी. मात्र प्री-फेडरची किंमत मोजावी लागते. गिटारचा फेडर खाली आणला तरी रिव्हर्ब तेवढाच राहतो. गाण्याच्या शेवटी गिटार फेड केली तर ती जाते आणि मागे नुसता घुमारा उरतो. जाणूनबुजून केलं तर छान, नाहीतर वाईट.

लॉजिक वापरत असाल तर ‘पोस्ट फेडर’ निवडा. तिथे हा प्रकार फेडरनंतर पण पॅनच्या आधी सेंड काढतो, म्हणजे नेमकं जे हवं ते. इतर ठिकाणी हाच परिणाम मिळवायची माझी आवडती पद्धत अशी: गिटारचा मूळ ट्रॅक मध्यावर ठेवायचा, त्याचा फेडर आवाजासाठी वापरायचा आणि सेंड तिथूनच पोस्ट-फेडर द्यायचा. मग त्या ट्रॅकचं आउटपुट एका ग्रुपमध्ये घालायचं (रीपरमध्ये फोल्डर ट्रॅक) आणि डावा-उजवा पॅन फक्त त्या ग्रुपवर करायचा. आवाज कमीजास्त केला तर रिव्हर्बही त्याप्रमाणे बदलतो, पण पॅनचा त्याला स्पर्शही होत नाही. पॅनचं ऑटोमेशन लावायचं असेल, म्हणजे वाद्य एका बाजूकडून दुसरीकडे जातंय आणि रिव्हर्ब जागेवर राहायला हवा, तर ही मांडणी कामाची आहे. एक ट्रॅक जास्त होतो, पण राउटिंग असलेल्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये ही युक्ती चालते.

क्यूबेस आणि प्रो टूल्समध्ये उलट अडचण दिसते. मोनो ट्रॅकवरून स्टिरिओ बसकडे जाणाऱ्या सेंडला स्वतःचा पॅन असतो आणि तो ट्रॅकच्या पॅनमागे आपोआप जात नाही, मध्यावरच असतो. आपल्याला वेगळा पॅनच हवा आहे, त्यामुळे ही चांगलीच गोष्ट आहे. पण कोणी प्रो टूल्समध्ये सेंडवरचं ‘एफएमपी’ बटण, म्हणजे मुख्य पॅनच्या मागे चालण्याचा आदेश, दाबून ठेवलं असेल किंवा क्यूबेसमध्ये पॅनर जोडण्याचा पर्याय चालू असेल, तर सेंड पुन्हा वाद्यामागे फिरू लागतो. दुसऱ्याने बनवलेला टेम्प्लेट वापरताना हे आधी बघा.

सेंडचा पॅन फिरतो, पण रिव्हर्ब मध्यावरच

इथे दोष राउटिंगचा नाही, प्लगइनच्या घडणीचा आहे. अनेक रिव्हर्ब आत शिरणारी दोन्ही चॅनेलं आधी बेरीज करून मोनो करतात आणि मग त्या एका सिग्नलपासून डावी-उजवी पसरण तयार करतात. आत येताना आवाज डावीकडे होता की उजवीकडे, ही माहिती त्या बेरजेतच पुसली जाते. अशा प्लगइनपुढे सेंडचा पॅन कितीही फिरवा, फारतर पातळी बदलेल.

काही रिव्हर्ब ट्रू स्टिरिओ, म्हणजे ही बेरीज न करणारे, असतात. कन्व्होल्यूशन प्रकारात (खऱ्या जागेचा नोंदवलेला घुमारा वापरणाऱ्या) त्यासाठी चार इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे त्या घुमाऱ्याच्या नोंदी, लागतात: डावीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे, आणि उजव्याचेही तसेच दोन. अशा रिव्हर्बमध्ये सेंडचा पॅन खरंच काम करतो. पण तोही रिव्हर्बला उचलून एका बाजूला ठेवत नाही. खोलीतल्या उजव्या बाजूला कोणी वाजवलं तर खोली जशी घुमेल तसा आवाज देतो. सुरुवातीची परावर्तनं उजवीकडे कलतात, मागे रेंगाळणारा घुमारा मात्र दोन्हीकडे पसरतोच. हा परिणाम सुंदर आहे, पण ‘गिटार इकडे, रिव्हर्ब तिकडे’ असं स्वच्छ विभाजन हवं असेल तर तो तुमच्या कामाचा नाही. त्यासाठी रिटर्नचा पॅनच फिरवायला हवा.

रिटर्न पॅन केला, पण रिव्हर्ब पातळ झाला

रिटर्न ट्रॅक स्टिरिओ असतो आणि त्यावरचा पॅन बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सुरुवातीला बॅलन्स पद्धतीनेच चालतो. उजवीकडे फिरवला की डावं चॅनेल बंद होत जातं. स्टिरिओ रिव्हर्बच्या दोन्ही चॅनेलांत वेगवेगळा घुमारा असतो, त्यामुळे पूर्ण उजवीकडे जाता जाता निम्मा रिव्हर्ब फेकला जातो. दोन्ही चॅनेलं सारख्या ताकदीची असतील तर एकूण पातळी साधारण ३ डेसिबलने उतरते. पातळी फेडरने भरून काढता येते, पण फेकलेल्या चॅनेलातली दाटी परत येत नाही.

खरा पॅन वेगळा निवडावा लागतो. रीपरमध्ये पॅनच्या नॉबवर उजवं क्लिक करून ‘स्टिरिओ पॅन’ निवडलं की विड्थचा नॉब मिळतो. विड्थ कमी करा आणि मग पॅन करा. लॉजिकमध्येही तसंच उजवं क्लिक करून ‘बॅलन्स’ऐवजी ‘स्टिरिओ पॅन’. लाइव्हमध्ये ‘स्प्लिट स्टिरिओ पॅन मोड’ घेतला की डाव्या आणि उजव्याचे वेगळे स्लायडर येतात, दोन्ही उजवीकडे ओढा. क्यूबेसमध्ये ‘स्टिरिओ कम्बाइन्ड पॅनर’.

तरीही एक अडथळा उरतो. विड्थ शून्य करणं म्हणजे दोन्ही चॅनेलांची बेरीज. जे रिव्हर्ब रुंद वाटावेत म्हणून डावी-उजवी बाजू फेजमध्ये (ध्वनिलहरींच्या चढउतारात) एकमेकींच्या उलट ठेवतात, त्यांची बेरीज केली की बराच भाग एकमेकांना खोडतो आणि उरलेला आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. विड्थ कमी करताना कान देऊन ऐका. आवाज अरुंद व्हायला हवा, बारीक नाही.

म्हणूनच पूर्ण एका बाजूचा रिव्हर्ब हवा असेल तेव्हा मी स्टिरिओ रिव्हर्ब आकसून घेत नाही, सरळ मोनो रिव्हर्ब वापरतो. प्लगइनची मोनो आवृत्ती, किंवा आतला स्टिरिओ/विड्थ शून्यावर, आणि मग रिटर्न हवा तिथे. जुन्या रेकॉर्डवर एका बाजूला वाद्य आणि समोरच्या बाजूला त्याचा घुमारा असा जो रेखीव आवाज ऐकू येतो, त्यामागे हेच आहे. १९५७ साली आलेला ईएमटी १४० हा प्लेट रिव्हर्ब, म्हणजे लोखंडी चौकटीत टांगलेला पोलादी पत्रा, सुरुवातीला मोनोच होता. दोन पिकअपची (पत्र्याचा कंप टिपणाऱ्या उपकरणांची) स्टिरिओ आवृत्ती १९६१ मध्ये आली. एका पिकअपमधून निघालेला सिग्नल कन्सोलच्या एका चॅनेलवर येई, तो कुठे ठेवायचा ते इंजिनिअर ठरवी. पसरण नव्हती, म्हणून जागा पक्की होती.

सगळं बरोबर असूनही जागा अस्पष्ट वाटते

मीटर सांगतं गिटार डावीकडे, रिव्हर्ब उजवीकडे. कान म्हणतात, दोन्ही मधेच कुठेतरी. इथे प्री-डिले, म्हणजे मूळ आवाज आणि रिव्हर्बची सुरुवात यांतला वेळ, बघा. संशोधक हेल्मुट हास यांनी १९४९ च्या आपल्या प्रबंधात दाखवलं की थोड्या मिलिसेकंदांच्या अंतराने तोच आवाज दुसऱ्या दिशेने आला, तर तो वेगळा ऐकू येत नाही आणि दिशा आधी पोहोचलेल्या आवाजाचीच जाणवते. मागून येणारा १० डेसिबलने मोठा असला तरीही. म्हणजे गिटारला आधी पोहोचू द्यायचं आणि रिव्हर्बला थोडं थांबवायचं. प्री-डिले शून्य असेल तर स्ट्रोकचा ठोका आणि रिव्हर्बची पहिली परावर्तनं एकदमच येतात आणि गिटारची कड बोथट होते.

२० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. आवाज तेवढ्या वेळात हवेतून सुमारे ७ मीटर जातो, म्हणजे हे अंतर एखाद्या बऱ्यापैकी खोलीतलं वाटतं. पिकने वाजवलेल्या टोकदार गिटारला ३० पर्यंत चालतं. ५०–६० च्या पुढे गेलात की रिव्हर्बची सुरुवात वेगळ्या ठोक्यासारखी ऐकू यायला लागते. बोटांनी सावकाश वाजवलेल्या किंवा गजाने वाजवायच्या वाद्याला जास्त प्री-डिलेही खटकत नाही.

रिव्हर्ब किती टोकाला न्यायचा, हा चवीचा प्रश्न आहे. पण हेडफोनवर पूर्ण विरुद्ध टोक लवकर थकवतं, कारण तिथे उजव्या बाजूचा आवाज डाव्या कानाला जराही मिळत नाही. स्पीकरवर तो मिळतो. मी साधारण ६०–७० टक्क्यांवर थांबतो आणि थोडी विड्थ शिल्लक ठेवतो. पूर्ण टोक फक्त तेव्हा, जेव्हा मिक्समध्ये वाद्यं मोजकी आहेत आणि त्या रिकाम्या बाजूला दुसरं काही नाही.

सेंडच नसेल तर

ऑडॅसिटीमध्ये बस नाही आणि गॅरेजबँडमधल्या मास्टर रिव्हर्बला वेगळा पॅन नाही. तिथे ट्रॅकची प्रत करायची: मूळ प्रत कोरडी, डावीकडे, दुसरीवर नुसता रिव्हर्ब, उजवीकडे. ऑडॅसिटीच्या रिव्हर्बमध्ये त्यासाठी ‘वेट ओन्ली’ची खूण आहे. तिथे इफेक्ट लावायच्या आधी प्रतीच्या शेवटी काही सेकंदांची शांतता जोडा, नाहीतर क्लिप संपते तिथेच रिव्हर्ब कापला जातो. आणि एडिटिंग पूर्ण झाल्यावरच प्रत काढा, कारण नंतर मूळ ट्रॅकमध्ये केलेला प्रत्येक बदल प्रतीतही करत बसावा लागतो.

वाद्य मिडीवर (ऑडिओऐवजी स्वरांच्या सूचनांवर) चालणारं असेल तर मिडी ट्रॅकची प्रत करू नका. बरीच सॅम्पल वाद्यं दर वेळी थोडा वेगळा सॅम्पल वाजवतात, त्यामुळे रिव्हर्ब भलत्याच स्वराघाताचा येतो. आधी ऑडिओत रेंडर करा, मग त्या ऑडिओची प्रत.

एक्सपोर्ट करण्यापूर्वी

मास्टर एकदा मोनो करून ऐका. फोनच्या एकुलत्या स्पीकरवर डावं-उजवं एकत्र होतं आणि गिटारपासून दूर ठेवलेला रिव्हर्ब थेट तिच्या अंगावर येतो. स्टिरिओत दोघांमध्ये जागा होती म्हणून रिव्हर्ब मोठा ठेवला असेल, तर मोनोत गिटार चिखलात बुडते. अशा वेळी रिटर्न थोडा खाली घ्या आणि त्याचा १५०–२०० हर्ट्झच्या खालचा भाग हाय-पासने काढा. स्टिरिओतल्या जागेला त्याने धक्का लागत नाही.

एकेक ट्रॅक वेगळा करून दुसऱ्याकडे मिक्सिंगला पाठवणार असाल, तर रिटर्नही वेगळी स्टिरिओ फाइल म्हणून निवडा. नुसता गिटारचा ट्रॅक निवडून काढलेल्या फाइलमध्ये बहुधा कोरडी गिटारच जाते. समोरचा माणूस मग स्वतःचा रिव्हर्ब लावतो, बहुतेक इन्सर्टवर, आणि तो पुन्हा गिटारच्या मागेच फिरतो.